तहानेची साक्ष

उन्हातून दारी आलेल्या माणसाच्या हाती आधी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा द्यावा, ही आपल्याकडील जुनी रीत बारकाईने पाहिली तर तीत आतिथ्याइतकाच व्यवहारज्ञानाचाही अंश असल्याचे ध्यानात येते. कारण पाहुण्याला तहान लागली आहे किंवा नाही, हे विचारण्याचा प्रघात त्या रीतीत नव्हता. पाणी आधी, ख्यालीखुशाली मागून. हल्ली हा क्रम उलटला असून, ‘पाणी हवं का?’ असे विचारले जाते आणि ‘नको, राहू द्या’ हे संकोचाचे उत्तर ऐकून यजमान निश्चिंत होतो. पाहुण्याच्या बाबतीत हा फार तर शिष्टाचाराचा प्रश्न ठरेल. परंतु पाळण्यातले मूल, अंथरुणाला खिळलेली वृद्धा, तापाच्या ग्लानीत पडलेला रोगी किंवा भर दुपारी रस्त्यावर खडी पसरणारा मजूर यांच्या बाबतीत तहानेच्या एकट्या साक्षीवर विसंबणे कित्येकदा जिवावर बेतते. शरीरातील पाणी घटू लागले म्हणजे त्याची खबर अनेक वाटांनी बाहेर येत असते. तहान ही त्यांतील एक वाट, आणि ती सर्वांत भरवशाची आहे असे मात्र मुळीच नाही.

प्रौढ पुरुषाच्या वजनापैकी सुमारे ६० टक्के, स्त्रीच्या वजनापैकी सुमारे ५० टक्के आणि नवजात अर्भकाच्या वजनापैकी जवळजवळ ७५ टक्के भाग पाण्याचा असतो. म्हणजे ७० किलो वजनाचा पुरुष आपल्या अंगात कमीअधिक ४२ लिटर पाणी वागवीत असतो. या साठ्याचा दोनतृतीयांश भाग पेशींच्या आत असतो. उरलेल्या १४ लिटरांपैकी बहुतेक पाणी पेशींच्या भोवती असते, आणि रक्तवाहिन्यांतून प्रत्यक्ष फिरणारा रक्तद्रव जेमतेम ३ लिटर भरतो. मेंदूला, हृदयाला आणि मूत्रपिंडांना होणारा सारा पुरवठा या ३ लिटरांवर चालतो. म्हणून त्याला तोटा पडू नये यासाठी शरीर आपली सगळी शर्थ करते, आणि तो राखण्याकरिता त्वचेतले, तोंडातले, डोळ्यांच्या खोबणीतल्या मऊ ऊतींतले पाणी आत ओढून घेते. पाणी कमी पडल्याची लक्षणे प्रथम जीभ, कातडी आणि डोळे यांवर का उमटतात, याचे कारण हेच. ज्यांच्यावाचून तूर्त निभते, त्यांच्या वाट्याला आधी कपात येते.

आता तहानेचे पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. रक्तातील पाणी किंचित घटून क्षारांचे प्रमाण अवघे एकदोन टक्क्यांनी वाढले, तरी त्याला ते कळते. तो लगोलग दोन गोष्टी करतो. पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडवून मूत्रपिंडांना पाणी राखण्याचा हुकूम देतो, आणि आपल्याला तहानेची जाणीव करून देतो. परंतु या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडत नाहीत, ही गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. संप्रेरकाचा हुकूम आधी सुटतो आणि तहान मागून येते. याचा अर्थ असा की, घशाला कोरड पडण्यापूर्वीच मूत्रपिंडांनी काटकसर आरंभिलेली असते. शिवाय पाणी पिताना तोंड आणि घसा ओला होताच तहान बरीचशी शमते, प्यालेले पाणी आतड्यांतून रक्तात पोचायला मात्र बराच अवधी लागतो. घामाने निथळणारा माणूस दोन घोट घेऊन समाधानाने ओंजळ खाली करतो तेव्हा त्याची तूट भरून निघालेली नसते. तूट असल्याची तक्रार तेवढी थांबलेली असते. एकूण काय, तहान येते उशिरा आणि जाते लवकर.

याउलट लघवीचे. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतला दीडएक लिटर सोडून बाकी सारा रक्तात परत करतात. पाण्याची ओढ लागली म्हणजे, टंचाईच्या वर्षी अधिकाऱ्यांनी कालव्याचे दरवाजे खाली ओढून पिण्यापुरतेच पाणी सोडावे, त्याप्रमाणे ती हा दीड लिटर कमी करीत करीत अर्ध्या लिटरापर्यंत आणतात. त्याखाली त्यांनाही जाता येत नाही, कारण शरीरातील निरुपयोगी द्रव्ये बाहेर टाकायला तेवढे पाणी लागतेच. द्रव्ये तितकीच आणि पाणी कमी, म्हणून लघवीचा रंग गडद होतो आणि वासही उग्र येतो. फिकट पिवळा रंग हे ठीक चालल्याचे चिन्ह. गर्द पिवळा रंग हा इशारा. आणि तपकिरीकडे झुकणारी, थोडी थोडी होणारी लघवी ही उशीर झाल्याची खूण समजावी. सकाळची पहिली लघवी गडद असतेच, तिच्यावरून घाबरण्याचे कारण नाही. जीवनसत्त्वांच्या काही गोळ्यांनी लघवी झगझगीत पिवळी होते, बिटाने तांबूस होते. तेवढा अपवाद धरावा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ‘उन्हाळी लागली’ म्हणून जी तक्रार घरोघर ऐकू येते, आणि जिच्यावर धन्याजिऱ्याचे पाणी किंवा भिजवलेला सब्जा दिला जातो, ती पुष्कळदा या दाट झालेल्या लघवीची जळजळ असते. उपायांतला धने-जिऱ्याचा गुण किती आणि त्याबरोबर पोटात जाणाऱ्या पाण्याचा किती, या वादात शिरण्याचे प्रयोजन नाही. थंडी वाजून ताप आला असेल, तर मात्र ती नुसती उन्हाळी नव्हे. डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्या समाजात पाणी कमी पिणाऱ्यांचा एक फार मोठा वर्ग असा आहे की, त्याला पाणी मिळत नाही म्हणून नव्हे, तर प्यालेल्या पाण्याची सोय लावायला जागा नाही म्हणून तो पाणी टाळतो. शाळेत शिकवणाऱ्या, बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या, एसटीत तिकिटे फाडणाऱ्या, रस्त्यावर बंदोबस्ताला उभ्या असणाऱ्या आणि उसाच्या फडात राबणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी जणी सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी परतेपर्यंत पाण्याचा घोट मोजून घेतात. चरकसंहितेने जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून बजावले आहे, त्यांत मूत्राचा वेग आहे आणि तहानेचाही आहे. आमच्या कारभाराने या बायकांवर एक अडवण्यासाठी दुसरा अडवण्याची पाळी आणली आहे. दुपारनंतरची डोकेदुखी, चिडचिड, कंबरेतली ठणक, वरचेवर होणारा मूत्रमार्गाचा दाह आणि मुतखडा यांची कारणे शोधताना वैद्याने रक्तलघवी तपासण्यापूर्वी, तुमच्या कामाच्या जागी स्वच्छ संडास आहे काय, असा प्रश्न केला तर तो अप्रस्तुत ठरणार नाही. ही बाब वैद्यकाची कमी आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाची अधिक आहे.

घामाची गोष्ट थोडी निराळी. उन्हात श्रम करणारा माणूस ताशी लिटरभर घाम सहज गाळतो, आणि अंगाचा ताप उतरवण्याचे खरे काम तो घाम वाळताना होते. नागपूर-चंद्रपूरकडच्या कोरड्या वाऱ्यात तो अंगावर दिसायच्या आत उडून जातो, त्यामुळे आपले किती पाणी खर्ची पडले याचा माणसाला अंदाजच येत नाही. संध्याकाळी सदरा काढला म्हणजे पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या दिसतात. कोकणपट्टीत हवा दमट, म्हणून घाम वाळत नाही, अंग निवत नाही, आणि ते निवत नाही म्हणून आणखी घाम येत राहतो. दोन्हीकडे पाण्याबरोबर मीठही जाते. अशा वेळी नुसते पाणीच पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते, डोके भणभणते, आणि गोष्ट फारच ताणली तर भ्रम होऊन झटकेही येतात. शेतकऱ्याच्या न्याहारीतले मिठाचे ताक, भाकरीबरोबरचा कांदा, कोकणातली मीठ घातलेली पेज आणि आमसुलाचे सार यांची योजना कोणी प्रयोगशाळेत केली नव्हती. परंतु पाणी आणि मीठ एकत्र गेले पाहिजे, हा धडा त्यांत आलेला आहे. रोज अमुक पेले पाणी प्यायलेच पाहिजे, असा जो एक सरसकट नियम हल्ली सांगितला जातो, त्याला मात्र फारसा आधार नाही. पाण्याची गरज काम, हवा आणि आहार यांप्रमाणे बदलते. आणि हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असलेल्या रोग्यांना तर पाणी मोजून घ्यावे लागते.

अंगावरच्या खुणा पाहण्याची रीत एकदा समजून घेतली म्हणजे ती कोणालाही साधते. प्रथम तोंड. ओठ सुकले आहेत एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण तोंडाने श्वास घेणाऱ्याचे ओठ आणि जीभ एरवीही कोरडी पडते. गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत पाहावे. ती जागा ओलसर असेल तर फारशी काळजी नाही. तीही कोरडी, लाळ चिकट आणि जीभ टाळ्याला लागत असेल, तर पाणी बरेच उतरले आहे असे समजावे. मग कातडी. प्रौढ माणसाच्या छातीच्या मधल्या हाडावरची किंवा गळपट्टीखालची कातडी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत उचलून सोडली, तर ती तत्काळ पूर्ववत बसली पाहिजे. घडी क्षणभर उभी राहून मग सावकाश उतरली तर ते लक्षण चांगले नव्हे. हाताच्या पाठीवर ही परीक्षा करण्याची चाल आहे, पण म्हाताऱ्या माणसाची तेथील कातडी वयामुळेच सैल झालेली असते, म्हणून ती साक्ष घेऊ नये. बोटाचे नख दाबून पांढरे करावे आणि सोडावे; दोन सेकंदांच्या आत तांबूसपणा परतला पाहिजे. बसल्याचे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, नाडी जलद आणि बारीक लागणे, हातपाय गार पडणे ही चिन्हे रक्तद्रवालाच तोटा पडू लागल्याची आहेत. तेथवर वेळ आली असेल तर घरगुती सरबतांच्या भरवशावर राहू नये.

उष्माघात हे प्रकरण याच्या शेजारचे असले तरी स्वतंत्र आहे. अंगाचा ताप ४० अंश सेल्सियसच्या वर गेलेला, बोलणे असंबद्ध झालेले, किंवा शुद्ध हरपलेली, असा माणूस दिसला तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगभर पाणी मारावे, वारा घालावा आणि विनाविलंब दवाखान्यात पोचवावे.

सर्वांत अवघड परीक्षा तान्ह्या मुलाची, कारण त्याला सांगता येत नाही आणि त्याच्याजवळ वेळही थोडा असतो. हिशेब सोपा आहे. ७ किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ७०० मिलिलिटर पाणी गेले की त्याचे प्राण धोक्यात येतात. आणि पाण्यासारखे जुलाब व वांत्या सुरू झाल्या म्हणजे एवढे पाणी एका दिवसात, कधी काही तासांत जाते. अशा मुलाची लक्षणे एका क्रमाने बदलतात, तो क्रम प्रत्येक आईने आणि आजीने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आरंभी मूल किरकिरे होते, मांडीवर ठरत नाही, आणि पाण्याचा चमचा ओठांशी नेला की हपापल्यासारखे पिते. चमचा दूर केला की रडते, हातपाय झाडते. ते रडताना डोळ्यांकडे पाहावे: आवाज आहे पण आसू नाही, असे दिसेल. (अगदी पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला एरवीही आसवे येत नाहीत, ते सोडून.) डोळे खोल गेलेले दिसतात, आणि ते खोल गेले की मुळचेच तसे, अशी शंका आली तर आईलाच विचारावे, तिच्याइतका जाणता पंच दुसरा नाही. लंगोट सहाआठ तास कोरडा राहतो. पोटावर, बेंबी आणि कूस यांच्या बरोबर मध्ये, अंगाच्या उभ्या दिशेने कातडीची चिमूट घेऊन सोडली तर ती सावकाश खाली बसते. येथवर मूल अजून पाणी मागत आहे, आणि म्हणून अजून आपल्या हातात आहे.

यानंतरची पायरी फसवी असते. मूल रडायचे थांबते. मघापासून घर डोक्यावर घेणारे लेकरू आता निपचित पडून आहे, हे पाहून रात्रभर जागलेली घरची माणसे ‘झोपलं बाई एकदाचं’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात. वस्तुतः ती झोप नसते, ग्लानी असते. चमचा ओठांशी नेला तरी ते तोंड उघडत नाही, घातलेले पाणी ओठांच्या कोपऱ्यातून ओघळते, पोटावरची चिमूट दोन सेकंदांहून अधिक वेळ उभी राहते. तहान मुकी झालेली असते. या अवस्थेत घरी घालवलेला प्रत्येक तास मुलाच्या जिवाचा असतो, आणि शिरेवाटे सलाईन देणे हाच तेव्हा उपाय उरतो. अशक्त, हाडे निघालेल्या मुलाची कातडी एरवीही सैल असते आणि गुबगुबीत मुलाची चरबी चिमटीचे लक्षण झाकून टाकते, हेही येथे सांगितले पाहिजे; अशा मुलांच्या बाबतीत वागणूक, डोळे आणि लघवी यांवर अधिक भिस्त ठेवावी.

टाळूविषयी दोन शब्द. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरील मऊ जागा खोल गेलेली दिसली की ती तेलाने भरण्याची, तीवर तेलाची चिंधी ठेवण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. तेल घालण्याला कोणाची हरकत नाही. पण जुलाब होत असलेल्या मुलाची टाळू खोल गेली असेल, तर तिची मागणी तेलाची नसून पाण्याची आहे, आणि ते पाणी तोंडावाटे जायला हवे. सहा महिन्यांच्या आतील निरोगी बाळाला मात्र ऐन उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. आईच्या दुधातच ते पुरेसे असते. आईने मात्र स्वतः भरपूर प्यावे.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला हीच अडचण निराळ्या रूपाने येते. वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होत जाते, मूत्रपिंडांची काटकसरीची ताकद घटते आणि शरीरातील पाण्याचा साठाही मुळातच कमी झालेला असतो. त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतात, गुडघे धरलेले असतात, आणि रात्री दोनदा उठावे लागेल या धास्तीने आजोबा संध्याकाळपासूनच पाण्याला नकार देऊ लागतात. मग एखाद्या वैशाखातल्या दिवशी ते नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतात, वार विसरतात, संडासला जाताना तोल जाऊन पडतात. आणि घरातली मंडळी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मान हलवून मोकळी होतात. म्हातारपणाचा विसरभोळेपणा महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. जो माणूस परवापर्यंत वर्तमानपत्र चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचत होता, तो दोन दिवसांत बरळू लागला तर त्याचे कारण वय नव्हे. ते शोधलेच पाहिजे, आणि ते पाण्याची किंवा क्षारांची तूट, कोठे दडलेला ताप अथवा नवी सुरू केलेली गोळी, यांपैकी काहीतरी असण्याचा संभव मोठा असतो. काखेत हात घालून पाहावा. ती कोरडी ठणठणीत लागली तर तेही एक गमक आहे. वृद्धांना ‘पाणी हवं का?’ असे विचारू नये. गोळ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, तशा पाण्याच्या ठरवाव्यात, आणि नुसते पाणी नको असेल तर ताक, कढण, सार, कलिंगडाची फोड, जे घशाखाली उतरेल ते समोर ठेवावे.

पाण्याच्या तुटीने माणूस मरतो हे ज्ञान वैद्यकाला फार उशिरा आणि फार मोठी किंमत देऊन झाले. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा सजवून शिवेबाहेर ढकलून देण्याची चाल आपल्या गावोगावी होती, आणि त्याला हसण्याचे कारण नाही. कारण त्याच काळात युरोपातले नामांकित वैद्यही पटकीच्या रोग्याचे रक्त काढीत आणि त्याला जुलाब देत. १८३१ साली विल्यम ओशॉनेसी या, पंचविशीही न गाठलेल्या तरुण डॉक्टराने इंग्लंडातील साथीत रोग्यांच्या रक्ताची परीक्षा करून दाखवले की, त्यातील पाणी आणि क्षार हरपलेले आहेत, ते परत दिले पाहिजेत. पुढल्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये टॉमस लाटा याने मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले, तेव्हा तिच्या खोल गेलेल्या डोळ्यांत तेज परतले. परंतु डॉक्टर निघून गेल्यावर जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी मात्र पुन्हा दिले गेले नाही, आणि ती दगावली. ही विद्या पुढे कित्येक दशके अडगळीत पडली. ओशॉनेसी मागाहून कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानात तारायंत्र उभारणारा म्हणून त्याचे नाव झाले.

शिरेतून पाणी देण्याला सुई, निर्जंतुक द्रव आणि जाणकार हात लागतो. गरिबाच्या झोपडीत पोचणारा उपाय निघाला तो १९६० नंतर, साखरेच्या एका गुणामुळे. जुलाबांत आतड्याला नुसते मीठपाणी शोषता येत नाही; परंतु सोबत ग्लुकोज असेल तर सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणीही जाते. १९७१ साली पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी उसळली, आणि बनगाव येथे सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, अशा पुड्या करवून ते पाणी पिपांत कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. तेथे पूर्वी शंभरात तीसच्या घरात दगावत असत, ते प्रमाण चारच्याही खाली आले. त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले ते २०२३ साली, मरणोत्तर. यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

आज ‘जलसंजीवनी’ किंवा ओआरएस या नावाने मिळणारी पुडी याच कृतीची सुधारलेली आवृत्ती आहे. लिटरभर पाण्यासाठी असलेली साडेवीस ग्रॅमची पुडी लिटरभर पाण्यातच विरघळवावी. अर्धी पुडी पेल्यात, किंवा अख्खी पुडी तांब्याभर पाण्यात, असा अंदाजपंचे कारभार करू नये, कारण प्रमाण बिघडले की गुण जातो. पुडी हाताशी नसेल तर लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. चव घेऊन पाहावी. आसवांपेक्षा खारट लागले तर ते टाकून नव्याने करावे. जुलाब होत असताना पाणी दिले तर जुलाब वाढतात, ही समजूत पुसून टाकली पाहिजे. जुलाबाने मूल मरत नाही, जुलाबावाटे गेलेले पाणी परत न दिल्याने मरते. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २००, चमच्या-चमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अंमळ सावकाश. अंगावरचे दूध आणि मऊ भात, पेज चालू ठेवावी. डॉक्टर त्याबरोबर जस्ताच्या गोळ्या चौदा दिवसांसाठी देतात, त्या जुलाब थांबले तरी पुऱ्या कराव्यात. बाजारात रंगीत खोक्यांतून मिळणारी अतिगोड पेये या कामाची नव्हेत; त्यांतली जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते.

मूल किंवा मोठा माणूस पाणी पिईनासा झाला, प्यालेले सर्व उलटून पडू लागले, शौचावाटे रक्त गेले, सहाआठ तासांत लघवी झाली नाही, झटके आले किंवा शुद्धीत फरक पडला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि वाटेतही, पिण्याची ताकद असेल तोवर, घोट घोट देत राहावे. जलसंजीवनीच्या पुड्या सरकारी उपकेंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळतात. निदान दोन पुड्या प्रत्येक घरात असाव्यात, त्यांवरची मुदत उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या तोंडी एकदा पाहून घ्यावी, आणि एकदा कालवलेले पाणी २४ तासांनंतर, कितीही उरले असले तरी, ओतून द्यावे.